रस्त्याकडच्या नऊ ओळी

२१ नोव्हेंबर
पठारावर. सकाळी नऊ अंश. मणी मुगाएवढे झालेत. पांढऱ्या द्राक्षाचे घड आखूड, गच्च, हवे तसे. हौसाक्का खुरपता खुरपता म्हणाली, "वैनी, ह्यास्नी खायाला घालत न्हाई व्हय तुमी?" तिला सांगितलं, उपाशीच ठेवायचीत. मणी लहान, साल जाड, रस कमी. वाईनला तेच लागतं. तिनं मान हलवली. ती आटपाडीकडची, जन्म मेंढरांमागं गेलेला, तिला उपाशी ठेवून काही चांगलं होतं हे पटणं कठीणच.

दुपारी आबा जीप घेऊन आले. सोबत फौजेतले दोन दोस्त. लागवडीला चार वर्षं झाली, सासरे प्लॉट दाखवायला पहिल्यांदाच कुणाला घेऊन आले. बरं वाटलं. दोस्तांनी रस्त्यावरूनच बघितलं. त्यातला एक म्हणाला, "सुभेदार, द्राक्षं हायती का करवंदं?" दुसरा हसला. आबा हसले नाहीत. चहा टाकला होता, न घेताच गेले.

नवऱ्याला, प्रशांतला, लगेच फोन केला. म्हटलं, आबांना नीट समजावून सांग, इथला मणी लहानच ठेवायचा असतो. मी स्वतः सांगणं आमच्याकडे बसत नाही. शेतीतलं सून सासऱ्याला शिकवत नाही. बारा वर्षं माझं सगळं प्र.च्या तोंडून जातं. "सांगतो गं."

२४ नोव्हेंबर
घरी, तासगावकडे. आबांच्या जीपमध्ये मग, बादल्या, मणी फुगवायच्या औषधाची, जीएची, पाकिटं. घरच्या बागेचं डीपिंग असेल असं वाटलं. घरची बाग खायच्या द्राक्षांची. तिथे एकेक घड औषधात बुडवतात, मणी फुगतो, बाजारात उठून दिसतो. आबांचा त्यात हात धरणारा कुणी नाही, कपाटभर ढाली आहेत. मी विचारलं नाही.

विचारायला हवं होतं.

२६ नोव्हेंबर
हौसाक्काचा फोन. "वैनी, तुमी सांगितलंत म्हनून आलं न्हवं सुभेदार?" कुठे आले? "काल. दिसभर हुतं. रस्त्याकडच्या नऊ ओळी बुडवल्या. मी म्हनलं, वैनी न्हाई म्हनत्यात. तर म्हनलं, वैनीला काय कळतंय, तू बादली धर."

किती ओळी, पुन्हा विचारलं.

नऊच ओळी. रस्त्यावरून दिसतात तेवढ्याच. वरच्या उतारावरच्या तशाच सोडल्या. म्हणजे पिकाचं काही नव्हतंच त्यांच्या मनात. दोस्त पुन्हा आले तर मान खाली जाऊ नये, एवढंच.

प्र.ला विचारलं, सांगितलं होतंस ना? म्हणाला, "सांगणार होतो. दुखावले असते गं."

२७ नोव्हेंबर
आबा जेवताना आपणहून म्हणाले, "लेकराला न्हाऊ घालावं तसा एकेक घड बुडिवला. गुडघं राहिलं न्हाईत माझं." बाहत्तर वर्षांचा माणूस दिवसभर ओणवा. भाकरी मोडता येत नव्हती. मी आमटी वाढली. कुणावर ओरडायचं? त्यांच्यावर ओरडता येत नाही, प्र.वर ओरडून उपयोग नाही. स्वयंपाकघरात जाऊन पातेलं आपटलं. जाऊबाईंनी विचारलं, काय पडलं? म्हटलं, पातेलं.

९ जानेवारी
पठारावर. सहा अंश. आई म्हणायची, आमच्या माळावर ताक दोन दिवस आंबत नाही. तिच्या माहेरचा हा माळ तिला वाटणीत आला, कुणाला नको होता म्हणून. तिच्यानंतर माझ्या नावावर झाला. तिच्या त्या एका वाक्यावर मी वेली लावल्या. सासरी सगळे हसले होते, दगडात द्राक्षं लावायला निघाली म्हणून. थंड रात्रींनी आंबटपणा टिकतो, वास टिकतो. खाली घरच्या उन्हात तो जळून जातो. हे समजावून सांगायला मला परिषदा, कागद, आकडे लागले. आईला ताक पुरलं.

नऊ ओळींचे मणी वाटाण्यापेक्षा मोठे. चकाकतायत. रस्त्यावरून जाणारे गाडी थांबवून बघतात. हौसाक्का सांगते, सुभेदार येऊन फोटो काढून गेले.

१६ फेब्रुवारी
साखर मोजली. वरच्या ओळी बावीस टक्के, आंबटपणा सुरेख. नऊ ओळी सतरा, तोंडात नुसतं पाणी. ठरवलं : नऊ ओळी शेवटी तोडायच्या आणि बेदाण्याला द्यायच्या. बेदाणा कसाही होवो. वाईनमध्ये एक घड जाऊ द्यायचा नाही. प्र.ला तीनदा सांगितलं. कागदावर लिहून, वाईन करतो त्या घराजवळच्या शेडच्या दाराला चिकटवलं. आता मध्यस्थ नको, कागदच बोलू दे.

पाहुण्यांत या शेडला अजून "ज्यूसचं युनिट" असंच सांगतात. मोठ्या नणंदेला परवा आबा म्हणाले, "थोरली रसाचं बघती, धाकटी त्येच्यात मदत करती." थोरल्या जाऊबाई तर शेडमध्ये पाऊलही टाकत नाहीत. आबांना स्वतःला रोज संध्याकाळी फौजी कॅन्टीनच्या रमचे दोन पेग लागतात, त्यात कुणाची अब्रू जात नाही. सूनबाईनं द्राक्षं आंबवली की जाते.

२४ फेब्रुवारी
लेबलच्या कागदांसाठी दिवस कचेरीत गेला. परत आले तर शेडमध्ये द्राक्षं चेपायचं मशीन धुऊन ठेवलेलं. मोठी टाकी काठोकाठ.

दोन टेम्पो यायचे होते, तीन आले. आबा सकाळी पठारावर गेले होते. "रस्त्याकडचा माल आधी काढा, त्योच एक नंबरचा हाय." हौसाक्का नको नको म्हणत होती म्हणे. तिचं कोण ऐकतंय. प्र. शेडमध्येच होता. दाराला कागद होता.

मी : तू बघितलं नाहीस?
प्र. : बघितलं. पण आबा समोर उभे. आणि टाकी अर्धी राहिली असती. अर्धी टाकी ठेवू नये, हवा लागून माल जातो, हे तूच शिकवलंस ना?

मीच शिकवलं. माझंच वाक्य माझ्या तोंडावर मारलं, आणि त्याला ते कळलंही नाही. टाकीला हात लावून उभी राहिले. चार वर्षं त्यात होती.

२६ फेब्रुवारी
सगळंच गेलं नाही. सगळ्यात वरच्या सात ओळी तोडायच्या राहिल्या होत्या. स्वतः उभी राहून तोडल्या, मी, हौसाक्का आणि तिच्या दोन जावा. उजाडायच्या आत क्रेट भरले, थंड असतानाच. काचेच्या मोठ्या बरण्यांत रस घातला आणि जुन्या दुधाच्या कूलरमध्ये बरण्या ठेवल्या. शेडला कुलूप लावता येत नाही, सगळ्यांचं येणंजाणं. कूलरला लावलं.

१८ मार्च
मोठ्या टाकीची चव घेतली. स्वच्छ आहे, दोष काढता येणार नाही. पण तिच्यात काही नाही. भेंडी शिजवून गाळलेल्या पाण्यात साखर घातली तर असं लागेल.

बरण्यांतली अजून रागीट आहे. नाकाशी नेली की मिरचीचा देठ, ओलं गवत, दगड. हौसाक्काला चमचाभर दिली. तिनं डोळे मिटले. "आमच्या तळावरच्या सकाळचा वास हाय. मेंढरं उठायच्या आदी येतो त्यो." मग तोंड वाकडं केलं. "पर लय आंबट." बाटल्या फार तर दीडशे होतील.

२ ऑगस्ट
बाटल्या भरून झाल्या. मोठ्या टाकीच्या बाटल्यांवर 'पठार', खाली बारीक अक्षरात 'थंड हवेची पहिली वाईन'. ते वाक्य माझं. बरण्यांसाठी लिहिलं होतं. ते या पाण्यावर चिकटताना बघत होते. माझ्या बाटल्यांना नुसता पांढरा कागद, पेनने 'वरच्या सात'.

प्र. म्हणाला, "दोन्ही आपल्याच आहेत की गं." प्रेमानं म्हणाला, हेच जास्त लागतं. लबाडी केली असती तर भांडले असते.

११ ऑक्टोबर
पठाराची छाटणी संपली. बुडवलेल्या नऊ ओळींच्या काड्या बारीक, डोळे अशक्त. जीएनं पुढच्या वर्षाचे घड कमी होतात हे मला माहीत होतं, आता हाताला कळलं. प्र.ला सांगितलं. त्यानं आबांना सांगितलं की नाही, विचारलं नाही. उत्तर माहीत आहे.

२५ ऑक्टोबर
साताऱ्यात हॉटेलच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. साठेक माणसं, हॉटेलवाले, दोन पुण्याचे. चीज, काजू, हार. माईक प्र.कडे. "आम्ही थंड हवेचा प्रयोग केला, आम्ही चार वर्षं..." मी पैठणी नेसून ट्रेजवळ. एकानं मला विचारलं, "वहिनी, तुम्ही घेता का हो?" म्हटलं, बनवते. तो हसला, त्याला विनोद वाटला.

आबा फेटा बांधून पहिल्या रांगेत. त्यांचे तेच दोन दोस्त शेजारी.

पुण्याच्या हॉटेलवाल्याला 'पठार' भयंकर आवडली. "एकदम सोपी. कुणालाही चालेल. लागेल तेवढी घेतो. पण पुढच्या वर्षी हीच चव पाहिजे, बदल नको." टाळ्या झाल्या. मी त्याला 'वरच्या सात' दिली. एक घोट घेतला, ग्लास टेबलावर ठेवला. "आंबट आहे. चांगली असेल, पण लोकांना समजावत कोण बसणार?"

तो ग्लास मी उचलला आणि मीच पिऊन टाकला. सगळ्यांसमोर. आबांनी बघितलं.

गाडीत प्र. खूश. "बघ, आबांचीच चाललीय! तू उगीच रडत होतीस." आबा पुढच्या सीटवर. उंब्रजच्या पुढे म्हणाले, "म्हंजी समदाच प्लाट बुडवाया लागणार." प्र. म्हणाला, "करू की."

मागच्या सीटवर मी होते. माझा प्लॉट, माझ्यासमोर, माझ्याशिवाय ठरला. आणि मी? खिडकीबाहेर बघत होते. ऊस तुटायला आलाय असला काहीतरी विचार करत होते. लाज वाटते लिहायला.

९ नोव्हेंबर
आबांनी एक 'वरच्या सात' मागितली. प्र.च्या तोंडून नाही, स्वतः शेडच्या दाराशी आले. रमच्या ग्लासातच घेतली. उभ्या उभ्या प्यायले, बराच वेळ लागला.

"ही कुठल्या ओळींची?"
"वरच्या, आबा. न बुडवलेल्या."
"व्हय." मग ग्लास स्वतः विसळून ठेवला. तेरा वर्षांत बघितलं नव्हतं ते. जाताना म्हणाले, "पर हाटेलवाल्याला तर ती न्हाई आवडली."

तेव्हाच बोलायला हवं होतं. समोर होते, एकटे होते, विचारत होते. तोंडात शब्द आले आणि सवयीनं मागे वळून प्र.ला शोधलं. तो तिथे नव्हता. आबा गेले. आता हा राग कुणावर काढू?

२२ नोव्हेंबर
पठारावर. दोन दिवस इथेच हौसाक्काच्या खोपीशेजारच्या खोलीत मुक्काम. आठ अंश. मणी मुगाएवढे. सगळे, वरच्या सात ओळींचेसुद्धा.

प्र.चा फोन : उद्या आबा येतायत, सोबत सहा माणसं, मग, बादल्या, सगळ्या प्लॉटला पुरेल एवढं औषध. साडेपाचला जीप निघेल, साडेसातपर्यंत पोचतील. "तू चहाचं बघ."

दुपारी खालच्या गावातून कुलूप आणलं. फाटकाला लावलं. पाच वर्षांत या फाटकाला कुलूप नव्हतं, काठीनं अडकवायचो. हौसाक्का बघत उभी. "वैनी, सुभेदार येनार हायत न्हवं?" म्हटलं, हो. "मग?" म्हटलं, मग काय, तू ज्वारीची भाकरी टाक.

संध्याकाळी प्र.ला सांगितलं, फाटकाला कुलूप घातलंय.
"कशाला?"
"गुरं शिरतात."
"बरं केलंस. एक किल्ली आबांकडे देऊन ठेव."

सातबारा माझ्या नावावर आहे हे या घरात मी कधी मोठ्यानं म्हटलेलं नाही. उद्याही ते म्हणायचं नाही, त्यानं आबा हरतील आणि मी जिंकले तरी वेली बघणार कोण? मला त्यांना एवढंच सांगायचंय की लहान मणी का ठेवतात. मुगाएवढं वाक्य आहे. तेरा वर्षं कुणाच्या तरी हाती पाठवतेय, अजून पोचलेलं नाही.

प्र.ला म्हटलं, "किल्ली माझ्याकडेच राहील. आबांशी मी बोलते."
"तू? काय बोलणार?"
फोन ठेवला.

किल्ली पदराच्या गाठीला आहे. साडेसातला जीप येईल. सातला मी फाटकाशी असेन, आतल्या बाजूला.