डावीकडचा वेग

मोहम्मद बिन झायद सिटी, अबू धाबी
१४ जून २०२५

ती. सुलक्षणाताईस,
चंद्रहासचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व ठीक. उन्हाळा नेहमीचाच, दुपारी दुकानाच्या शटरला हात लावता येत नाही. गुहागरला तुम्ही सगळे बरे असाल. फोन केला नाही, कारण तू प्रश्न मला विचारतेस आणि उत्तरं तुझी भावजय रुचा देते. पत्राचा फोटो दर्शनच्या मोबाईलवर पाठवतोय. त्याने वाचून दाखवू नये, मोबाईल आईच्या हातात द्यावा.

बातमी विशेष नाही. मानेतल्या रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी करून घेतली. आपली सहज.

तपासणारी मुलगी मुरुडची निघाली, सुमैय्या. मी विचारलं, मशीनचं कॅलिब्रेशन शेवटचं कधी झालं? म्हणाली, "काका, मान उजवीकडे. आणि बोलू नका, चित्र हलतं." तरी मी सांगितलंच, की मुसफ्फ्यात हायड्रॉलिक होजचं दुकान आहे, सगळं स्वतः शिकलोय, आणि नळी बोटांत दाबली की तिचं वय सांगतो. "मग हे बघा," म्हणाली. पडद्यावर माझी रक्तवाहिनी प्रत्येक ठोक्याला फुगत होती. किती फुगते त्यावरून भिंत किती लवचीक राहिलीय ते कळतं. माझी फारशी फुगेना.

"उन्हात पडलेल्या होजसारखी झालीय," मी म्हटलं.

"मी असं म्हणणार नव्हते, काका."

उजवीकडे रक्ताचा वेग बरोबर होता. डावीकडे एके ठिकाणी चौपट. ताई, मला डॉक्टरांच्या आधी कळलं. नळीच्या तोंडावर अंगठा दाबला की पाणी जोरात उडतं, तसंच हे. वेग वाढला म्हणजे वाट अरुंद. मी तिथेच म्हटलं, सत्तर टक्के बंद. डॉक्टरांनी पंचाहत्तर लिहिलं. एवढा फरक चालतो.

रुचाला हे अभिमानाने सांगितलं, तर ती रडायला लागली.

आता त्या 'सहज'बद्दल. मंगळवारी दुकानात उजव्या हातातून कप निसटला आणि काही केल्या मला शब्द सुचेनात. आमचा सेल्समन हम्माद, त्याला वाटलं मी भयंकर चिडलोय. त्याने न सांगता अख्खं गोडाऊन आवरलं, जे मी पाच वर्षं ओरडून सांगतोय. "सेठ, आप चुप थे तो डर लगा," म्हणाला. शब्द परत आले तेव्हा पहिलं वाक्य त्याला रागावण्यात गेलं.

डॉक्टर म्हणतात, मानेत ऑपरेशन करून वाहिनी साफ करायची, तीही लवकरात लवकर. पुढच्या वेळी शब्द परत येतीलच असं नाही. मी म्हटलं, उन्हाळा संपू दे.

"डॉक्टर, ह्यांची गिऱ्हाइकं अगदी हेच बोलतात," रुचा म्हणाली. "मग हे त्यांना काय सांगतात, विचारा."

त्यांनी विचारलं. सांगावं लागलं, "फुटल्यावर वाळवंटातून मला फोन करू नका."

पर्णिका दुबईच्या सिलिकॉन ओएसिसहून म्हणते, "बाबा, इट्स अ स्टँडर्ड प्रोसीजर." नळी स्टँडर्ड असते, बसवणारा नसतो, हे लेकीला कोण समजावणार?

मी अजून हो म्हटलेलं नाही. सर्जन चांगला आहे. मी इतकं विचारलं की शेवटी त्याने पाणी मागवलं. फक्त एक विचारलं नाही. भूल उतरल्यावर मला बोलता आलं नाही तर? रुचा गुणी आहे, पण तिला मी बोललेलंच कळतं. तुला मी बोलायला लागायच्या आधीपासून कळत होतं.

तेव्हा ये. तुझा पासपोर्ट अजून चालतो, माझ्याकडच्या झेरॉक्सवर मी तपासलाय. व्हिसाचं पर्णिका बघेल. फोनवर मी म्हणेन की एवढी दगदग कशाला, काही गरज नाही. ते मनावर घेऊ नकोस. तू विमानात बसलीस की मी डॉक्टरांना हो कळवतो.

तुझा, घाबरलेला,
चंदू