उरलेला एक शब्द

प्रिय धाकट्या,

बाबांचं बोलणं गेलं हे तुला फोनवर सांगितलं. एक शब्द मात्र राहिलाय, हे सांगायचं टाळलं. तू जहाजावर, उगाच जिवाला घोर नको. आयुष्यभर फेरीबोटीचं सुकाणू धरलेल्या माणसाच्या तोंडात शेवटी काय उरावं, तर ‘वेक’. डॉक्टर म्हणाले, इंग्रजीत ‘उठवा’ म्हणताहेत. मी बावळट, दर वेळी त्यांना उठवून खुर्चीत बसवायची. मग लक्षात आलं, खोलीत कुणी आलं की ते चेहऱ्याकडे बघतच नाहीत, त्याच्या पायांमागची फरशी बघतात आणि समाधानानं म्हणतात, “वेक.” तेव्हा ट्यूब पेटली. बोट पुढे गेली की मागे पाण्यावर पांढरी वाट राहते, ती वेक. मुद्दाम इंग्रजी शब्दकोश काढला. ‘जागा हो’वाला वेक निराळ्या कुळातला. हा आला उत्तर युरोपातल्या खलाशांच्या जुन्या भाषेतून, आणि तिथे त्याचा अर्थ बर्फात पडलेलं भोक.

मग आत्या आली. नेहमीसारखा तोंडाचा पट्टा सुरू, “काय दादा, ओळखलंस का?” बाबांनी तिच्यामागे बराच वेळ पाहिलं आणि लहान मुलासारखे रडायला लागले. शब्द आलाच नाही. आठवड्याच्या आत आत्या गेली. धडधाकट बाई, भाजी निवडता निवडता. तू म्हणशील योगायोग. मीही तेच म्हटलं. मग समोरचा शिंपी बघायला आला, बाबा त्याच्यामागे बघून तसेच रडले आणि चार दिवसांत तोही गेला, तेव्हाही तेच म्हटलं.

परवापासून बाबा माझ्यामागे बघून गप्प असतात. मी मुद्दाम पुन्हा दारातून आत आले, पाय घासत. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

काल दुपारी माझा डोळा लागला. जाग आली तर बाबा उशाशी. एकट्यानं उठता न येणारा माणूस, भिंत धरत धरत आलेला, टक्क जागा. माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाले, “वेक.” केवढं हायसं वाटलं म्हणून सांगू! संध्याकाळी सहज तेच पान पुन्हा उघडलं. ‘जागा हो’वाल्या वेकखाली आणखी एक अर्थ होता, तेव्हा वाचायचा राहिलेला: गेलेल्या माणसापाशी जागत बसणं.

घाबरू नकोस, मी ठणठणीत आहे. पण जहाज बंदराला लागलं की तडक घरी ये. बाबांना घास बारीक करून भरवावा लागतो. औषधं वरच्या कप्प्यात आहेत. किल्ली शेजारच्या काकूंकडे देऊन ठेवली आहे.

तुझीच,
ताई