बेटांची बंदरं आणि आपली विहीर

आबा, परवा वाचनालयात पेपर चाळताना तुमची ती बेटं पुन्हा दिसली. फिलिपाइन्स. अमेरिकेनं त्यांना स्वातंत्र्य देऊन इतकी वर्षं झाली, तरी तिचं आरमार आणि विमानं अजून तिथंच आहेत, असं लिहिलं होतं. घरी जाऊन तुम्हाला सांगावं असं आधी मनात आलं. तुम्ही नाही, हे मग आठवलं.

तेव्हा इंग्रज जाऊन आपलं राज्य नुकतंच आलं होतं. संध्याकाळी वाचनालयाच्या ओट्यावर गुरुजी पेपर वाचायचे आणि तुम्ही त्यांना मध्येच अडवायचे. गुरुजी अमेरिकेच्या बाजूचे. "स्पेनकडून बेटं घेतली खरी, पण शाळा काढल्या, रस्ते केले आणि शब्द दिला तसा मुलूख सोडला. इंग्रज सोडत होता का असा?" तुम्ही मांडी बदलून पुढे सरकता. "गुरुजी, घर दिधं आनी दार आपलाकडे ठेई लिधं, हाई सोडनं शे का? बंदर त्यास्नं, विमान त्यास्नं!" लोक हसतात. गुरुजी चष्मा पुसत विचारतात, "आबा, लेक दिली आहे का तिकडे?" "दिधी नही. असा व्याही माले चालस नही!"

त्याच वर्षी आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, तुम्ही भाऊला, माझ्या मोठ्या भावाला, वेगळं काढलं होतं. थोरला म्हणून नाल्यापलीकडचं चांगलं शेत दिलंत, बैलजोडी दिलीत. आपल्याकडे वाटणीत विहीर सामाईक राहते आणि ज्याची त्याची पाळी ठरते. तुम्ही पाळी ठरवली नाहीत. म्हणालात, "पानी कोठे पळी चाल्लं? माले इचारीसन लेत जाय." मग भाऊ रोज सकाळी दारात उभा. "आबा, आज मोट जोडू का?" तुम्ही लगेच हो म्हणत नसायचे. आधी चहा, मग बैलांची चौकशी, मग पोरांची. ऊन चढत जायचं आणि भाऊची नजर त्याच्या केळीच्या बागाकडे. तुम्ही त्याला एकदाही नाही म्हणाला नाहीत, हे मी देवाला स्मरून सांगेन. पण त्याला विचारावं लागायचं.

पुढच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी वाद हरत आले तेव्हा गुरुजी सहज बोलून गेले, "मग आबा, थोरल्याच्या विहिरीचं काय?" लोक भाऊकडे बघायला लागले. भाऊ तिथंच खांबाला टेकून बसलेला. तुम्ही म्हणालात, "तो मना पोऱ्या शे. परका शे का?" गुरुजींचा आवाज खाली आला. "अमेरिकाही त्या बेटांबद्दल असंच म्हणत होती, आबा. लेकरं लहान आहेत, सांभाळावी लागतात." भाऊ उठला, वहाणा घातल्या आणि कोणाकडे न बघता गेला. गुरुजींना बोलल्याचं वाईट वाटलं असावं. त्यांनी पेपराची घडी केली आणि पुन्हा उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ विचारायला आला नाही. तुम्ही दाराशी बसून राहिलात. माय म्हणाली, हाक मारा. तुम्ही म्हणालात, "येई तो. पानी लागी त्याले." वैशाख तापला, केळीची पानं पिवळी पडून लोंबू लागली. तुम्ही रोज नाल्यापर्यंत जायचे, बागाकडे बघायचे आणि माघारी यायचे. मी म्हटलं, मी देतो पाणी सोडून. "त्याले इचारू दे." भाऊनं विचारलं नाही. बायकापोरांना घेऊन तो धुळ्याला गिरणीत लागला. अमेरिकेचं नाव तुम्ही पुन्हा काढलं नाहीत. शेवटच्या आजारात मात्र दार वाजलं की भाऊच आला असं वाटून विचारायचे, "मोट इचाराले उना का?" भाऊ आला तो तुम्हाला नेल्यानंतर. विहिरीच्या बाजूनं तो गेलासुद्धा नाही.

इतकी वर्षं मला वाटायचं, तुम्हाला मालकी सुटली नाही. आता माझा मोठा वेगळं निघायचं म्हणतो आहे. पोरगा समजूतदार आहे, शांतपणे म्हणाला, "नाना, विहिरीची पाळी कागदावर घालून टाकू." मी म्हटलं, बघू. मग देवापुढे बसलो, पण जप होईना. पाळी ठरली की तो कशाला येईल माझ्या दारात सकाळी? तुम्हालाही पाणी नको होतं, आबा, भाऊ हवा होता. गुरुजींनाही ते समजलं नाही, मला तर नाहीच. हे लिहिलेलं भाऊला धुळ्याला धाडावं असं एकदा वाटलं, पण त्याच्या वाळलेल्या बागाला याचा काय उपयोग? इथंच पोथीत ठेवतो.

यातून काय होतं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे, आबा. आणि तरी पोराला मी अजून हो म्हटलेलं नाही.