देवूच्या टूरवर

१७ मे, अमरावती

बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि मी लोखंडी कपाटात स्वेटर शोधून राहिलो! आफ्रिकेत सध्या थंडी असते म्हणे. अनसूया म्हणाली, जनावरांची एवढी आवड कधीपासून लागली तुम्हाला? मी म्हटलं, पोरीची पहिली टूर आहे, बापानं जायला नको? ती माझ्याकडे नुसती पाहत राहिली आणि कुलरमध्ये पाणी टाकायला निघून गेली. तिला उलटतपासणीची गरज पडत नाही. पाहिलं की झालं.

इथे खरं लिहायला काय हरकत आहे. देवूनं कबूल केलं आहे — ही टूर जमली तर नागपूरच्या टूर कंपनीचा मालक तिला दोन वर्षं तिकडेच ठेवणार, सगळ्या टूर तिच्या हाती. नाही जमली तर ती परत येणार आणि माझ्या ऑफिसात बसणार. वकिलीची सनद घेऊन ठेवली आहे पोरीनं, काळा कोट मात्र एकदाही अंगाला लागला नाही. कॅमेरा गळ्यात आणि रानोमाळ भटकणं! इकडे मी कोर्टाच्या पायऱ्या चढतो तर दम लागतो. तारखा मागून मागून जीव विटला. माझ्यानंतर ते ऑफिस कोणाचं?

मला तिची टूर फसायला पाहिजे. झालं, लिहिलं.

२० मे, कलहारी, दक्षिण आफ्रिका

दोन विमानं, वरून दिवसभर गाडी. कंबर कामातून गेली. टूरमध्ये सगळी अमरावती-अकोल्याचीच माणसं, म्हणजे इथेही सुटका नाही. अकोल्याचे अनुप डॉक्टर आहेत, दाताचे. त्यांची लेन्स हातभर लांब, मांडीवर लेकरासारखी घेऊन बसतात.

संध्याकाळी शेकोटीजवळ देवूनं सगळ्यांना समजावून सांगितलं. सिंह-हत्ती सगळेच दाखवतात, ही टूर सहसा न दिसणाऱ्या प्राण्यांची. तपकिरी तरस, मोठ्या कानांचा कोल्हा, आणि मुख्य म्हणजे आर्डवार्क. डुकराचं धड, गाढवाचे कान, नळकांड्यासारखं तोंड. जमीन उकरून उदई, म्हणजे वाळवी, खातो. एरवी रात्रीच निघतो, पण थंडीत दुपारी उन्हाला बाहेर येतो, तेवढाच काय तो फोटोचा मोका. जाहिरातीवरही फोटो त्याचाच. डॉक्टर तर त्याच्यासाठीच आलेले.

किती छान बोलते! घरी हव नाहीतर नाही, यापुढे शब्द निघत नाही तोंडातून. मी ऐकतच राहिलो.

२१ मे

भल्ली थंडी. हाडं वाजून राहिली. कोल्हे दिसले, आर्डवार्क नाही.

२२ मे

आज बिळंच बिळं. देवू एकेका बिळाजवळ उतरते, वाकून माती पाहते, ताजी आहे म्हणते. आम्ही गाडीत कुडकुडत बसतो. मग वाट पाहा. मग पुन्हा वाट पाहा. तरस दिसला, पण दूर, आणि पाठमोरा. डॉक्टरांच्या हातभर लेन्समध्ये नुसतं ढुंगण आलं. देवू त्यांच्या बाजूला बसून सांगत होती — श्वास सोडा, लेन्स पिशवीवर टेकवा, घाई करू नका. त्यांना ऐकायचंच नव्हतं.

जेवताना ते माझ्याजवळ सरकले. "वकील साहेब, राग नका मानू, पण बिळं पाहाले आमी इतक्या दूर आलो काय? बिळं तं तेल्हाऱ्याच्या वावरातही हायेत."

मला राग यायला पाहिजे होता. माझी पोरगी पहाटेपासून उपाशी फिरून राहिली, आणि हा गडी ताटावर बसून बोलतो! मी फक्त हसलो. आतून बरं वाटलं. शरमही वाटली, पण बरं वाटलंच.

२३ मे

आजही नाही. डॉक्टरांनी सरळ नागपूरला मालकाला मेसेज टाकला. मालकाचा फोन आला तेव्हा देवू गाडीमागे जाऊन बोलत होती. शब्द ऐकू आले नाहीत. हव सर, हव सर, एवढंच. परत आली तर नाक लाल. थंडीनं म्हणाली.

उद्या शेवटचा दिवस. मी तिला म्हटलं, जे व्हायचं ते होईल. माझे पाय दुखतात ते तिच्या लक्षात होतं, गरम पाण्याची पिशवी आणून दिली. स्वतःचं मरण समोर अन् माझे पाय पाहते! मी पिशवी घेतली.

२४ मे

दुपारी चहासाठी गाडी थांबली. सगळे बॉनेटभोवती, तोंडं पडलेली. मी सगळ्यांदेखत लघवीला म्हणून झुडपाकडे गेलो. या वयात थंडीत दुसरं काय होणार.

झुडपाच्या पलीकडे तो होता.

आमच्या अंगणाएवढं अंतर. ऊन त्याच्या पाठीवर. नाक जमिनीला लावून चालून राहिला होता, थांबला, पुढच्या पायांनी माती फेकली. कान इकडून तिकडे हलत होते. मला त्यानं पाहिलंच नाही. देवू म्हणाली होती ते खरं, नजर अधू त्याची. किती विचित्र जनावर, आणि किती आपल्या कामात! मला जनावरांचं काही वेड नाही. पण मी हललो नाही. लघवी विसरलो. मन एकदम हलकं झालं होतं, एवढं खरं.

नंतर बॉनेटकडून डॉक्टरांचा आवाज आला. आणि मला समजलं की एक हाक मारायची आहे. फक्त एक हाक — देवू! सगळे धावले असते. फोटो निघाले असते. टूर जमली असती. आणि पोरगी दोन वर्षं इथे. दोनाची चार वर्षं कधी झाली, समजलंही नसतं.

विचारलं तेवढंच सांगा, जास्तीचं बोलू नका, हे मी जन्मभर अशिलांना शिकवत आलो. मला कोणी विचारलं नव्हतं. मी उभा राहिलो. तो उकरत राहिला. मग काय वाटलं त्याला, कान ताठ केले आणि धबकन बिळात! शेपटी तेवढी दिसली, तीही गेली.

वळलो तर देवू मागे. कधी आली होती, समजलं नाही. गळ्यात कॅमेरा.

"बाबा, काय पाहून राहिले?"

आता विचारलं होतं.

"काही नाही," मी म्हटलं. "थंडी आहे, चल."

ती माझ्याकडे पाहत थांबली. मग माझा हात धरला आणि खड्डे आहेत, सांभाळून चाला म्हणाली. गाडीपर्यंत हात सोडला नाही.

२५ मे, विमानतळ

डॉक्टर रांगेत सगळ्यांना सांगत होते, पैसे परत मागणार. देवू ऐकत उभी होती. मी पेपर वाचला. कालचाच होता, दोनदा वाचला.

९ जून, अमरावती

मालकाचा निरोप आला. पुढच्या टूर दुसऱ्याला दिल्या. आजपासून देवू ऑफिसात बसते. दुसरी खुर्ची पुसून ठेवली होती मी. कोर्टाच्या बाररूममधल्या वकिलांना पेढे वाटले. सगळे म्हणाले, वसंतराव, सुटले तुम्ही! हव, सुटलो.

२३ जून

काम चांगलं करते. नांदगाव खंडेश्वरच्या वाटणीच्या दाव्यात तिनं लिहिलेला जबाब माझ्याहून चांगला. त्या प्राण्यांबद्दल एक शब्द नाही. कॅमेरा कपाटात. अनसूया म्हणते, ही पोरगी घरात आहे पण घरात नाही. मी म्हटलं, सवय होईल. अनसूया म्हणाली, तुम्हालाही होईल का?

४ जुलै

पातूरहून एक जुना अशील आला होता, लेकीला वकिलीला घातलं म्हणून माझं कौतुक करून गेला. देवू समोर बसून ऐकत होती, हसली. ते हसणं पाहवत नाही. पाहिजे ते सगळं मिळालं आणि अन्न गोड लागत नाही.

११ जुलै

उद्या सांगणार आहे तिला. मालकालाही फोन करतो, टूरमध्ये आर्डवार्क दिसला होता, मीच बोललो नाही, म्हणून. थकलो आता. वकिली नाही, हेच ओझं पेलवत नाही.

१२ जुलै

सांगितलं. चहाच्या वेळी, अनसूयेसमोर. देवू उठली, कॅमेरा आणला, त्यातला एक फोटो शोधून माझ्यापुढे धरला. आर्डवार्क, उन्हात, कानावरची लव दिसेल असा. आणि त्याच फोटोत मी. उभा, त्याच्याकडे पाहत.

"देवू! हा दाखवला असता तर टूर वाचली असती तुझी. मला कापून टाकायचं होतं फोटोतून."

"त्या बाजूले तुम्हीच गेले होते बाबा. सगळ्यांनी पाहिलं होतं. डॉक्टर बोललेच असते, वकील साहेब तिथंच होते, तं सांगतलं काहून नाही? गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती तुम्हाला."

कॅमेरा बंद केला. म्हणाली, चला, तारीख आहे आज.