दहापैकी चार

३ मार्च
दिग्दर्शक म्हणून भाचीचा पहिला सिनेमा शुक्रवारी लागतोय. सोळा वर्षांची मुलगी मोठी होते, एवढीच गोष्ट. बजेट नाही, स्टार नाही. एकच थिएटर, एकच आठवडा. शनिवार-रविवार गर्दी झाली तर दुसरा. ताईचा फोन. म्हणाली, तू पेपरात लिहितोस, जरा सांभाळून घे. मी स्पष्ट सांगितलं, समीक्षकाला बहीण नसते. तिने फोनच ठेवला.
संकल्प : निष्पक्ष राहायचं. आणि या वेळी शेवटपर्यंत बसायचं.

६ मार्च, दुपारी ३
पत्रकारांसाठी खास खेळ. हिलाही नेलं. मध्यंतरात उठलो. मजकूर सहापर्यंत द्यायचाय. शिवाय बावीस वर्षं मी मध्यंतरापर्यंत बघूनच लिहितो, पुढचं अंदाजाने येतं. आजवर एकाही वाचकाची तक्रार नाही. (एकाही वाचकाचं पत्रही नाही, पण तो वेगळा मुद्दा.) ही उठेना. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे.

सायंकाळी ५
बलस्थानं : मुलीचं काम छान. स्वयंपाकघरातला सकाळचा उजेड खरा. मायलेकी न बोलता चादरींच्या घड्या घालतात, तिथे मला चष्मा पुसावा लागला. एसी फार होता.
दोष : गोष्ट मुंगीच्या पावलाने चालते. कॅमेरा थरथरतो. आणि तो मामा! भाचीची कथांची वही पाहुण्यांसमोर मोठ्याने वाचतो, लाल पेनने मार्क देतो. दहापैकी चार! असा माणूस असतो का? (मी दिले होते, पण ते प्रोत्साहन म्हणून. आणि पाहुण्यांना विचारूनच वाचलं होतं.)
शेवट झकास जमला : 'दिग्दर्शिकेने निव्वळ सूड उगवला आहे. उत्तरार्धात तरी मामाला थोडी माणुसकी दिली असती, तर काय बिघडलं असतं?' दोन स्टार. जागा कमी पडली म्हणून बलस्थानं कापली.

८ मार्च
छापून आलं. मथळा : 'वयात न आलेला सिनेमा'. माझाच. ताई फोन उचलत नाही. हिने चहा टेबलाच्या पार त्या टोकाला ठेवला. संपादकबाई म्हणाल्या, जरा जास्तच झालं. म्हणजे वाचलं!

९ मार्च
ही एकदाची बोलली. उत्तरार्धात म्हणे तोच मामा तीच कथा गुपचूप सुवाच्य अक्षरात उतरवतो, तिच्या नावाने मासिकाला पाठवतो, कुणाला पत्ता लागू देत नाही. पुढे मासिकाच्या कचेरीत मुलगी पाकिटावरचं अक्षर ओळखते. सगळं थिएटर रडलं. शेवटी पाटी : 'मामासाठी'.
मी असलं काही केलं नव्हतं. ती वही कुठे गेली तेही आठवत नाही. हिला विचारलं, मग पोरीने असं का दाखवलं? म्हणाली, तिलाच विचारा. कुठल्या तोंडाने विचारू?
संकल्प : उद्या स्वतः तिकीट काढून उत्तरार्ध बघायचा. दुसरं परीक्षण लिहायचं. साडेतीन स्टार. नाही, चार.

१० मार्च, दुपारी १२
थिएटरवर पोचलो तर पोस्टर उतरवत होते. तिकीट खिडकीवरचा म्हणाला, रविवारी अकरा माणसं, काल सहा, आठवडा कशाला पुरा करायचा? वर मलाच समजावलं, बरं झालं साहेब, वाचलात, भंगार आहे, पेपरात आलंय. कात्रण काचेच्या आत ठेवलं होतं. शेवटची दोन वाक्यं त्याने घडाघडा म्हणून दाखवली.
बावीस वर्षांत भेटलेला पहिला वाचक. त्याला सांगितलं की लिहिणारा मध्यंतरातच उठून गेला होता, आणि तो त्या पोरीचा सख्खा मामा आहे. त्याला हसू आवरेना. म्हणाला, काहीतरीच काय साहेब, असा माणूस असतो का?