हिरासेचे झोपेचे पुस्तक

खर्डी,
१२ फेब्रुवारी २००१

ती. हौसाआत्यास,

योगिनीचा नमस्कार. तुझे गुडघे आणि मामांचा राग दोन्ही उतरणीला लागले असतील अशी आशा आहे. इकडे आम्ही सगळे ठीक, फक्त बाबा कोणाशी बोलत नाहीत. कारण जपानहून पुस्तक आले.

तीन वर्षांपूर्वी आपल्या ओटीवर मुक्कामाला होता तो हिरासे आठवतो ना? (तुमच्या धसईच्या बाजारात हिंडला आणि तुझ्या हातची बोंबलाची चटणी खाऊन रडला, तोच.) तिकडे तो मोठा फोटोवाला आहे म्हणे. पहिले पुस्तक नुसत्या दारांचे काढले, ते कोणी घेतले नाही. दुसरे आपल्या आईच्या स्वयंपाकघराचे, ते आईनेच घेतले. मग स्टेशनांवर झोपलेल्या माणसांचे काढले आणि बक्षिसांवर बक्षिसे मिळाली. तेव्हापासून हा लोक कधी झोपतात याची वाट बघत देशोदेशी फिरतो. आपल्यातल्या कोणी असा उद्योग केला असता तर चोर म्हणून झाडाला बांधला असता.

बाबांना हे कुठे ठाऊक! नवा सदरा घालून, केसांना तेल चोपडून रोज खुर्चीत बसायचे. हिरासे वाकून नमस्कार करायचा आणि कॅमेरा पुसत बसायचा. शेवटी बाबांना डुलकी लागली. आता पानभर बाबाच आहेत, तोंड उघडे आणि नाकावर माशी. पुढच्या पानावर शेजारची बुधी. ती म्हणते, "मेल्यानं जित्तेपणी माझं मढं काढलं गो! आता मी खरीच मेली तरी कोनाला पटायचं नाय." बाबांनी पुस्तक भाताच्या कणगीत पुरले आहे. (मी रोज काढून बघते.)

त्यातच माझे लग्न ठरत आले आहे. मुलगा शहापूरचा, भगीरथ, नोकरीवाला. त्याचा फोटो आलाय तो स्टुडिओतला, मागे रंगवलेले काश्मीर, कानाला टेलिफोन, आणि टेलिफोनची वायर कुठेच जात नाही. बाबा म्हणतात, "फोटो असा पायजे!" शिमगा झाला की सुपारी फोडणार. मी आनंदात आहे, काळजी नसावी.

तुझी,
योगिनी

ता.क. : पुस्तकात तुमच्या बाजारातला एक मुलगा आहे. भर उन्हात पोत्यांवर झोपलाय आणि छत्री उघडून ठेवलीय ती शेळीच्या करडावर. स्वतःचे तोंड भाजून निघालेय. हा येडा कोणाचा, ते शिमग्याच्या आत शोध. पान फाडून सोबत पाठवते आहे. लग्न झालेले असेल तर पत्र चुलीत घाल. नसेल तर मामांना घेऊन तडक निघून ये, बाबा तुझेच ऐकतात.

आणखी एक : बाबांसारखा घोरत असला तरी चालेल. पण जागेपणी कसा दिसतो, तेवढे नीट बघून ये.