ड्रायव्हरशेजारची जागा

एग्मोर, मद्रास
शनिवार, १९ ऑगस्ट १९६१

ती. गं. भा. अक्का हिच्या चरणी राघोत्तमाचा साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. आडी महिना संपला तरी इथला उकाडा हटत नाही. सीतालक्ष्मीचे गुडघे नेहमीप्रमाणे कुरकुरतात, आणि ती नेहमीप्रमाणे माझ्यावर. तू पाठवलेले सांडगे वाटेत निम्मे चुरा झाले, पण चव तंजावरचीच. डबा कधी संपला ते कळलंही नाही.

सेतू बरा आहे. बरगडीचं दुखणं उतरलंय, उठून बसून दहीभात जेवतो. काल दाढीही करून घेतली. आठवडाभरात हॉस्पिटलातून सोडतील. त्याची काळजी करू नकोस. म्हणजे, त्याच्या प्रकृतीची करू नकोस.

तू लिहितेस की सोमवारी मॅजिस्ट्रेटपुढच्या चौकशीत मी एवढंच बोलावं: 'फिटनेसच्या वेळी गाडी मी तपासली होती, ब्रेक ठीक होते.' वकील वसंतरावांचंही तेच म्हणणं. ब्रेक ठीक होते म्हणजे ते रस्त्यात अचानक गेले, आणि अचानक गेलेल्या ब्रेकला कोण काय करणार? सेतूचा तुरुंग टळेल, माझी नोकरी टिकेल. 'मामा असून एवढंही करणार नाहीस का?' असं तू विचारलंस. अक्का, पुढचं पत्र पूजा आटोपल्यावर, निवांत बसून वाच.

इथे टॅक्सीला दरसाल फिटनेसचा दाखला लागतो, तो आम्ही गाडी तपासून देतो, म्हणून लोक आम्हाला ब्रेक इन्स्पेक्टर म्हणतात. जुन्या गाड्यांची दुखणी मला तोंडपाठ आहेत. स्टीअरिंग अर्धा वेढा फिरलं तरी चाकाला खबर नसते, टायर घोटून गुळगुळीत झालेले असतात, आणि मालक वरून नवा रंग देऊन, बॉनेटला चंदन-कुंकू लावून गाडी समोर आणतो. देवाला पास करायचंय की मला, तेच समजत नाही. सेतूची गाडीही त्यातलीच. मी दोनदा नापास केली, एकदा स्टीअरिंगसाठी, एकदा टायरसाठी. दुसऱ्यांदा तो सगळ्या टॅक्सीवाल्यांदेखत म्हणाला, "परक्याची असती तर पास केली असतीत, मामा!" त्यानंतर तो आमच्या घरी यायचा बंद झाला.

जुलैत तो तिसऱ्यांदा आला. टायर नवे, स्टीअरिंग दुरुस्त, दिवे, हॉर्न, सगळं चोख. खरं सांगतो, मला फार आनंद झाला. पोरगं मार्गाला लागलं असं वाटलं. ब्रेकची परीक्षा तेवढी राहिली होती. ती अशी असते: मैदानात गाडी वेगात सोडायची, चुन्याच्या रेघेवर ब्रेक मारायचा, आणि इन्स्पेक्टरने ड्रायव्हरशेजारी बसून त्याच्या पायावर नजर ठेवायची.

मी बसलो नाही.

तुला आठवतं ना, सेतू दुपट्यात होता आणि आपण कोळ्ळिडम नदी ओलांडत होतो. वेताच्या त्या गोल परिसलीत मी पाय ठेवला आणि तू किंचाळलीस, "राघू, उतर! मामा-भाचे एका नावेत बसत नसतात!" मी उतरलो आणि पुढच्या फेरीपर्यंत वाळूत बसून राहिलो. तेव्हापासून सेतूबरोबर मी कधी घोड्याच्या जटक्यातही बसलो नाही. त्याच्या लग्नाच्या वरातीत मी चालत आलो, त्याचं सगळ्यांना केवढं कौतुक! ते मी भीतीने पाळलं नाही, अक्का. तुझं एकुलतं एक पोर, त्याला माझ्यापायी काही होऊ नये, एवढंच मनात असायचं.

म्हणून मी रेघेपाशी उभा राहिलो आणि म्हणालो, "तू एकटाच चालवून दाखव." दुसरा ड्रायव्हर स्टीअरिंगवर बसवून मला शेजारी बसता आलं असतं. तोच नियम आहे. पण दोनदा चारचौघांत त्याचा पाणउतारा केला होता, तिसऱ्यांदा त्याच्या हातातून चाक काढून घेणं जिवावर आलं. आपलेच दात, आपलेच ओठ. गाडी बरोबर रेघेवर थांबली. मी सही केली. तो वाकून पाया पडला.

बाहेरून गाडी थांबलेली दिसते. पेडल एकदा दाबलं की तीनदा, हे शेजारी बसणाऱ्यालाच दिसतं.

आडीतल्या शुक्रवारी कोडंबाक्कमचं रेल्वे फाटक बंद होतं. पुढे बसगाड्या उभ्या होत्या. सेतूने पेडल दाबलं, ते तळाला गेलं. पुन्हा दाबायला रस्ता उरला नव्हता. बसवर आदळू नये म्हणून त्याने गाडी डावीकडे घेतली. तिथे कनकम्मा बसली होती, मोगऱ्याचे गजरे करणारी. आडीतला शुक्रवार देवीचा, म्हणून जास्त टोपल्या घेऊन आली होती. ती जागीच गेली. तू पत्रात तिला 'ती बाई' लिहिलंस. तिचं नाव कनकम्मा.

हॉस्पिटलात सेतूला एकटा गाठून विचारलं. तो म्हणाला, "ब्रेकचं ऑइल गळत होतं, मामा. दोनदा पंप केलं की धरायचा. वाटलं, महिनाभर भागवू, मग सिलिंडर बदलू." मी म्हटलं, "मग माझ्याच पाळीला का आणलीस? दुसरे इन्स्पेक्टर नव्हते?" त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग म्हणाला, "तुम्ही बसणार नाही, हे मला ठाऊक होतं."

अक्का, त्या क्षणी मला त्याचा इतका राग आला की हात उगारला होता. मग तो लहान पोरासारखा रडायला लागला आणि मीही रडलो. तो वाईट नाही गं. कनकम्मा त्याला झोपेत दिसते. तरी त्याने माझी माया ओळखली आणि नेमकी तिथेच गाडी घातली, हे मला गिळवत नाही.

हे सगळं गिळूनसुद्धा मी कालपर्यंत तुझं वाक्य बोलणार होतो. घोकूनही ठेवलं होतं. काल कनकम्माची मुलगी ऑफिसात आली. वयाने आपल्या सेतूएवढी. माझ्या टेबलापाशी उभी राहून विचारू लागली, "ब्रेक बघितला होता का, सार?" मी म्हणालो, "बघितला होता. ठीक होता." घोकलेलं वाक्य सरळ बाहेर पडलं. तिने डोळे पुसले. "मग कुणाचं चुकलं नाही, सार. माझी आई तिथे बसली, तिचंच चुकलं," असं म्हणून तिने मला हात जोडले आणि गेली.

तिची आई कुठे बसली होती, याची चौकशी आता तीच करत बसेल, जन्मभर. हे माझ्याच्याने सोसवणार नाही.

सोमवारी मी सांगणार आहे की मी गाडीत बसलो नव्हतो, आणि न तपासता सही केली. सेतू काय म्हणाला ते विचारलं तर तेही लपवणार नाही. माझी नोकरी जाईल, पण त्याचं माझ्याहून वाईट होईल. हे पत्र सोमवारच्या टपालाने टाकतो आहे, म्हणजे तुझ्या हाती पडेल तोवर मी बोलून चुकलेला असेन. आधी कळवलं असतं तर तू तार केली असतीस, आणि तुझी तार आल्यावर मी काय केलं असतं, याचा मला भरवसा नाही.

पत्र मिळताच निघून ये. सेतूला आता तुझी गरज आहे. मी एग्मोर स्टेशनवर उभा असेन. माझ्याशी बोलू नकोस, घरी उतरू नकोस, पण तुझी ट्रंक तेवढी मला उचलू दे.

तुझ्या पायाशी,
राघू